१२० तास कुठे घालवणार?

भुशी डॅमच्या पायऱ्यांवर भिजत कणीस खाल्लं नाही असा पुण्यातला कॉलेजवाला सापडणं अवघड. पण त्याच रस्त्याने पुढे गेलं की ‘आयएनएस शिवाजी’ लागतं. १९४५ पासून नौदलाला लागणारे इंजिनिअर आणि तंत्रज्ञ तिथे तयार होतात. शिकून झाल्यावर कुठे काम करायचं, हे त्यांना आधीच माहीत असतं. आणि आपल्याला?

२०२३-२४ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात आकडा आहे : नोकरीसाठी योग्य तरुण ५१.२५ टक्के. म्हणजे कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या दोघांतला एक अजून तयार नाही. तुमच्या बेंचवर कोण बसतं ते बघून घ्या!

नव्या शैक्षणिक धोरणाने यावर ओजेटी आणलं, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. चार क्रेडिट, क्रेडिटला ३० तास, एकूण १२० तास. कागदावर झकास. पण जागा शोधायची कोणी? बऱ्याचदा तुम्हीच. मग काकांचं ऑफिस, ओळखीतला शिक्का, लेटरहेडवर सही... पुढचं तुम्हाला माहितीये.

खरं काम मात्र शेजारीच पडलेलं असतं. ३० जून २०२४ ला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. निर्बंध आले, चर्चा झाली. पण रविवारी किती माणसं येतात, वर पाऊस पडल्यावर ओढा किती वेळात चढतो, याच्या रोजच्या नोंदी ठेवणं हे भूगोल आणि स्टॅटच्या पोरांचं काम होऊ शकतं, तेही काठावर सुरक्षित उभं राहून. सेल्फीवाला थांबून वाचेल असा फलक लिहिणं आम्हा मास कॉमवाल्यांचं. मावळातल्या कॉलेजांनी नगरपरिषद आणि पोलिसांशी बोलून हे १२० तास इथे का लावू नयेत?

‘फुकटात राबवून घेतील,’ असं म्हणाल. भीती खरी आहे. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १० हजार विद्यावेतन ठरलं, म्हणजे शिकाऊ माणसाच्या कामालाही किंमत असते हे सरकारला मान्य आहे. म्हणून काम काय, शिकवणार कोण आणि जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा, हे आधी लेखी घ्या. नुसतं झेरॉक्स काढायला पाठवलं तर तेही डायरीत लिहा, आणि तीच डायरी सबमिट करा.

सेमिस्टर सुरू व्हायच्या आत ऑफिसच्या खिडकीवर जाऊन ओजेटीच्या जागांची यादी मागा. एकटे नको, चौघंजण जा.