दोन्ही खरं, मग तिसरं काय?

लॉजिकल रीझनिंगच्या पेपरात एक प्रश्न भल्याभल्यांना अडवतो. एकमेकांशी न जुळणारी दोन विधानं दिलेली असतात आणि विचारलेलं असतं, हा विरोधाभास कशाने सुटेल? क्लॅटला 120 मिनिटांत 120 प्रश्न, उत्तर चुकलं की पाव गुण कट. या घाईत आपण पटेल ते एक विधान धरतो आणि दुसरं मनातल्या मनात खोटं ठरवतो. गडबड होते ती इथेच.

उदाहरण जवळचंच घेऊ. पुणे-सोलापूर महामार्गावरचं कासुर्डी दौंड तालुक्यात येतं आणि दौंड म्हणजे उसाचा पट्टा. समजा, अशाच एका गावावर प्रश्न आला : 'शेतकऱ्यांनी ठिबक बसवलं, उसाला एकरी पाणी कमी लागू लागलं. पाऊस नेहमीइतकाच झाला. तरीही विहिरींची पातळी खाली गेली. असं का?'

पर्याय असे : (अ) ठिबकने पाणी वाचतच नाही. (ब) ठिबकला सरकारी अनुदान मिळतं. (क) वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्यांनी आणखी रान उसाखाली आणलं. (ड) ठिबक नसलेल्या शेजारच्या गावात पातळी टिकून आहे.

'अ' दिलेली माहितीच नाकारतो, म्हणून बाद. 'ब' ठिबक का बसवलं ते सांगतो, पाणी कुठे गेलं ते नाही. 'ड'मुळे कोडं आणखी अवघड होतं. राहिला 'क'. एकरी पाणी कमी लागलं, पण एकर वाढले. दोन्ही विधानं जिथल्या तिथे राहिली आणि गाठ सुटली.

हे कोडं कुणी पेपरासाठी रचलेलं नाही. इंग्लंडमध्ये वाफेची इंजिनं सुधारली, कमी कोळशात जास्त काम करू लागली, तरी देशाचा कोळशाचा खप वाढतच गेला. काटकसरीमुळे इंजिन परवडू लागलं आणि त्याचा वापर वाढला, हे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने 1865 मध्ये दाखवून दिलं.

तेव्हा शॉर्टकट पाठ करण्याआधी एक सवय लावून घ्या. दोन्ही विधानं आधी खरी माना आणि मग त्यांना जोडणारी तिसरी गोष्ट शोधा. विरोधाभास अलंकार शाळेत शिकलोच आहोत : विरोध नुसता दिसतो, प्रत्यक्षात नसतो.

ही सवय परीक्षा हॉलबाहेरही लागते. पाण्यावर वाद निघाला की एक म्हणतो, 'ठिबक हाच उपाय', दुसरा म्हणतो, 'ठिबक फुकट गेलं.' दोघंही अर्धीच माहिती धरून भांडतात आणि ऊस किती लावायचा, हा खरा प्रश्न कुणी काढतच नाही. पेपरात असं चुकलं तर पाव गुण जातो. गावात चुकलं तर विहीर जाते.