नदीवरची बंदी : माणसाला की कृतीला?

इंग्लंड आणि वेल्समधील ट्राउट माशांच्या नद्यांवर गेली कित्येक दशके एक भांडण चालू आहे. पाण्यात उभे राहून गळ टाकणाऱ्या हौशी मच्छीमाराला शांत प्रवाह हवा असतो. होडी वल्हवणाऱ्याला तोच प्रवाह मोकळा हवा असतो. एकाची होडी गेली की दुसऱ्याचा मासा दगडाआड दडतो. पोहणारे आणि काठाने हिंडणारे यांचीही त्यात भर पडते. सुखवस्तू माणसांच्या सुटीतील ही कुरबुर आहे. तिच्याशी महाड-पोलादपूरच्या कार्यकर्त्याला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमच्या मते कर्तव्य आहे. सुटीचा व्यापार आता आपल्याही नद्यांच्या काठी आला आहे आणि त्याच्याबरोबर हाच प्रश्न येणार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. विश्रांती आणि खेळ ही श्रीमंतांची चैन आहे, असे समाजवाद्याने कधीही मानू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली, ती मालकांच्या उदारपणामुळे नव्हे. त्या गिरण्यांत कोकणातून गेलेली माणसे हजारोंनी होती. फुरसत हा कष्टकऱ्याने झगडून मिळवलेला हक्क आहे. म्हणून नदीवर पोहायला, होडी हाकायला किंवा गळ टाकायला येणारा माणूस आपला शत्रू ठरत नाही. प्रश्न एवढाच आहे की, त्याच्या सुखासाठी नदीवर जे नियम होतील ते कोण करणार आणि त्यांनी कोण अडवला जाणार.

इंग्लंडमधील भांडणाचे मूळ मालमत्तेच्या कायद्यात आहे. भरती-ओहोटीच्या टप्प्यापलीकडे नदीचा तळ काठावरच्या जमीनमालकाचा मानला जातो आणि मासे धरण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढून विकता किंवा भाड्याने देता येतो. गळवाल्यांचे क्लब ते भाडे भरतात आणि म्हणून नदीवर आपली मालकी सांगतात. होडीवाल्याजवळ दाखवायला पावती नसते. १९३२ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर परिसरातील शेकडो तरुण कामगार शिकारीसाठी राखलेल्या किंडर स्काउटच्या माळावर मुद्दाम शिरले. त्यांतील पाच जणांना तुरुंगात जावे लागले. माळरानावर मोकळेपणी चालण्याचा कायदेशीर हक्क इंग्लंड-वेल्समध्ये आला तो २००० सालच्या कायद्याने, आणि त्या कायद्यानेही नदीत पोहणे व होडी चालवणे हक्काबाहेरच ठेवले. स्कॉटलंडने २००३ साली वेगळी वाट धरली. तेथे जमीन आणि नद्या-तळी सर्वांना खुली झाली. अट एकच, जबाबदारीने वागण्याची. एका कायद्याने माणूस अडवला, दुसऱ्याने वर्तन अडवले. आमच्या विवेचनाचे सूत्र या भेदात आहे.

आपल्या देशात ट्राउट मासा इंग्रजांनी आणला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो काश्मीर आणि कुलूच्या थंड पाण्यात रुजला. सह्याद्रीच्या नद्यांत तो जगणार नाही. आपले पाणी त्याला उष्ण पडते. काश्मीरमध्ये नदीचे पट्टे पाडून त्यावर दिवसाचा परवाना देण्याची पद्धत आजही आहे. मासा परका असला तरी त्याच्या नदीवरून सुरू झालेल्या एका खटल्याने साऱ्या देशाला उपयोगी असे तत्त्व दिले. कुलू-मनालीत बियास नदीच्या काठी उभ्या राहिलेल्या एका पर्यटक निवासाने आपल्या बचावासाठी नदीचा प्रवाहच वळवला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निर्णय दिला की, नदी ही जनतेची ठेव आहे, शासन तिचे केवळ विश्वस्त आहे आणि विश्वस्ताला ती खाजगी लाभासाठी देऊन टाकता येत नाही. नदीकाठची जागा, पट्टा किंवा ठेका देण्याचा प्रस्ताव कोणत्याही ग्रामसभेपुढे येईल तेव्हा हे तत्त्व कार्यकर्त्याच्या जिभेवर असले पाहिजे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. कोलाडजवळ कुंडलिका नदीवर रबरी तराफ्यांतून प्रवाहाबरोबर जाण्याचा खेळ मुंबई-पुण्याच्या पर्यटकांत लोकप्रिय झाला आहे. कोकणातल्या नद्या पावसाळा सरला की रोडावतात. मग कुंडलिकेला उन्हाळ्यातही हा जोर कोठून येतो? मुळशी धरणाचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहात येते आणि वीज करून कुंडलिकेत सुटते. ते मुळात भीमेच्या खोऱ्यातले, पूर्वेकडे वाहणाऱ्या मुळेचे पाणी आहे. त्या धरणाखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्या मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. ते हरले आणि धरण झाले. जिच्यापायी त्यांचे संसार उठले त्या धरणाच्या पाण्यावर आज शहरातला माणूस तासाभराचा आनंद विकत घेतो. त्या आनंदाबद्दल आमची तक्रार नाही. त्याच्या किमतीत मुळशीचा हिशेब कोठेच धरलेला नाही, एवढे नोंदवणे मात्र अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचे काम आहे.

या खेळाचे वेळापत्रक वीजगृहाच्या हाती असते. पाणी सुटेल तेव्हा तराफे निघतात. पात्रात उतरलेल्या इतरांनी, मग ती कपडे धुणारी बाई असो की खेकडे शोधणारी मुले, स्वतःला सांभाळायचे. २०१४ च्या जूनमध्ये बियास नदीत धरणातून अचानक सोडलेल्या पाण्याने हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. तेही सहलीलाच आले होते. नदीवर करमणूक करणारे आणि नदीवर पोट भरणारे या दोघांनाही पाणी सोडण्याची वेळ आधी कळण्याचा सारखाच हक्क आहे. येथे त्यांचे हित एकच आहे, हे दोघांनीही ओळखले पाहिजे.

सावित्रीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. महाबळेश्वरात उगम पावून पोलादपूर, महाड, दासगाव अशी ही नदी बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. दासगावपर्यंत भरतीचे पाणी चढते आणि एके काळी तेथे बोटी लागत. २००५ च्या जुलैत दासगावावर दरड कोसळली. २०२१ च्या जुलैत महाड पाण्याखाली गेले. येथल्या माणसाच्या दृष्टीने नदी हे केवळ मनोहर दृश्य नव्हे. तिच्याशी त्याचा जन्मभराचा व्यवहार आहे. भोई आणि कोळी तिच्यात जाळी टाकतात, कातकरी तिच्या डोहांतून कालवणापुरते मासे काढतात, शेतकरी तिच्यावर गुरे पाजतो. महाडच्या औद्योगिक वसाहतीचे सांडपाणीही शेवटी तिच्याच खाडीत जाते. या सर्वांत नदीचे सर्वांत मोठे नुकसान करणारा कोण आणि नियमांचा पहिला बडगा कोणावर उगारला जातो, हे सांगण्याची गरज नाही. पाग घेऊन उतरलेला कातकरी अडवायला सोपा असतो.

याच सावित्रीची उपनदी काळ. तिच्यावर महाड तालुक्यातील वाळण येथे एक कोंड आहे. काठावर वरदायिनी देवीचे स्थान आहे आणि कोंडात महासीर जातीचे मोठे मासे निर्धास्तपणे वावरतात. तेथे कोणी मासा मारीत नाही. उलट येणारे भाविक माशांना खाऊ घालतात. महासीर म्हणजे गळवाल्यांच्या लेखी भारतातील ट्राउटच. त्याला गळाला लावण्यासाठी परदेशातून माणसे येत असत. वाळणच्या कोंडात मात्र गावाने घातलेला नियम आहे आणि तो सावकारालाही आहे, कातकऱ्यालाही आहे.

हौशी गळवाल्याची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तो म्हणतो, आम्ही मासा धरतो, मोजतो आणि परत सोडतो. आमच्या वावरामुळे सुरुंग लावून मासे मारणारे दूर राहतात. कावेरीच्या काठी कर्नाटकात हे काही अंशी खरेही ठरले. परंतु त्याच कावेरीत दुसरी गोष्टही घडली. लोणावळ्याच्या वळवण येथील केंद्रात पैदास होणारा दख्खनचा महासीर देशातील अनेक नद्यांत सोडला गेला, तसा कावेरीतही गेला. तेथील मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महासीर मागे हटत गेला आणि २०१८ साली तो आंतरराष्ट्रीय यादीत अतिसंकटग्रस्त ठरला. मासे वाढवण्याच्या सदिच्छेनेही नदीचा तोल जाऊ शकतो.

‘धरून सोडतो’ या युक्तिवादावर आमचा खरा आक्षेप वेगळा आहे. उद्या वाळणसारख्या कोंडात फी भरणाऱ्या पाहुण्याला गळ टाकण्याची मुभा मिळाली, तर मासा कदाचित जगेल. पण नियम मरेल. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या भुकेच्या दिवसांतही त्या माशाला हात लावला नाही, तो विचारील : पैसेवाल्याला खेळायला जो मासा चालतो, तो मला खायला का चालू नये? या प्रश्नाला उत्तर नाही. सर्वांना सारखी असलेली बंदी माणसे पाळतात. एकाला सूट मिळाली की तीच बंदी त्यांना अपमान वाटू लागते.

आणि बंदीतला अपमान म्हणजे काय, हे महाडला कोणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ साली मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे कागदावर खुलेही केले. तरी पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्या परिषदेच्या उभारणीत दासगावचे रा. बा. मोरे अग्रभागी होते. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेसाठी डॉ. आंबेडकर समुद्रमार्गे दासगाव बंदरात उतरले आणि तेथून महाडला गेले. तळे खाजगी आहे आणि वहिवाट जुनी आहे, असा दावा विरोधकांनी न्यायालयात केला. तो १९३७ साली उच्च न्यायालयात निकालात निघाला.

चवदार तळ्यावरची बंदी जन्म पाहून माणसाला अडवीत होती. ट्राउटच्या राखीव पट्ट्यावरची बंदी खिसा पाहून माणसाला अडवते. दोन्हींच्या यातना सारख्या नाहीत, पण तर्क एकाच घराण्यातला आहे. वाळणच्या कोंडावरची बंदी कोणालाच अडवीत नाही. ती एका कृतीला अडवते. काठावर सर्वांनी यावे, मासा कोणीच मारू नये. ‘सर्वांसाठी खुले’ याचा अर्थ ‘वाटेल ते करा’ असा नाही आणि ‘नियम हवेत’ याचा अर्थ ‘कोणाला तरी बाहेर ठेवा’ असाही नाही. समाजवाद्याने या दोन्ही गफलतींपासून सावध राहावे.

सामाईक मालमत्ता नेहमी उजाड होते, म्हणून तिला खाजगी मालक तरी हवा किंवा सरकारी अंमल तरी हवा, असे १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी मांडले आणि अनेक वर्षे विद्यापीठांतून तेच शिकवले गेले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी देशोदेशींची कुरणे, कालवे आणि मासेमारीची ठिकाणे तपासून दाखवले की, उपयोग करणारे लोक स्वतः नियम करतात, स्वतः राखण करतात आणि पिढ्यान्‌पिढ्या ठेव टिकवतात. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा सिद्धान्त पटवून घ्यायला काळ नदीच्या काठच्या माणसाला दूर जावे लागत नाही.

यास्तव कार्यकर्त्यांनी काही कामे हाती घ्यावीत. नदीकाठी करमणुकीचा कोणताही ठेका देण्याआधी त्या टप्प्याचा आजचा उपयोग कोण कोण करतो, याची नोंद ग्रामसभेत व्हावी. त्या नोंदीत धुणे धुणाऱ्या बाया आणि कातकरी वाडी सुटता कामा नये. वनहक्क कायद्याने २००६ पासून वनक्षेत्रातील पाणवठ्यांतील माशांवरचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. जेथे तो लागू होतो तेथे कातकऱ्यांचे दावे दाखल करावेत. पिण्याचे पाणी आधी, उपजीविका नंतर आणि करमणूक त्यानंतर, हा क्रम लिहून घ्यावा. राखलेल्या कोंडांत फी घेऊन सूट देऊ नये. खेळातून येणाऱ्या उत्पन्नाचा वाटा गावाला मिळावा आणि गावातल्या पोरांना त्या पाण्यात पोहायला तिकीट पडू नये. सुरुंग, विष आणि कारखान्यांचे सांडपाणी यांच्याविरुद्ध मात्र गळवाला, तराफेवाला आणि भोई यांना एकाच व्यासपीठावर आणावे. मेलेल्या नदीवर तिघांचेही काही चालत नाही.

हे काम निवडणुकीच्या धामधुमीत होणारे नाही आणि त्याने वर्तमानपत्रात नावही येणार नाही. परंतु ठेके कागदावर उतरल्यानंतर आंदोलन करण्यापेक्षा आधी ग्रामसभेत बसून चार ओळींचा ठराव करून घेणे सोपे आणि टिकाऊ असते. चवदार तळ्याने पाणी सर्वांचे आहे हे शिकवले. वाळणच्या कोंडाने सर्वांचे पाणी सर्वांनी मिळून राखता येते हे दाखवले. ज्या तालुक्याकडे हे दोन्ही धडे आहेत, त्याने नदीचा नियम बाहेरून विकत घेऊ नये.