विष आधी, तपासणी नंतर

‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या सिरपची एसआर-१३ ही बॅच विकू नका, वापरू नका, असा इशारा महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने दिला, तोवर ते प्यायलेली मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची कोवळी मुले नागपूरच्या रुग्णालयांत मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये हे सिरप बनवणाऱ्या, तामिळनाडूतील कांचीपुरमच्या श्रीसन कंपनीचा मालक गजाआड झाला, परवाना रद्द झाला आणि कारखान्यात साडेतीनशेहून अधिक त्रुटी सापडल्या. त्या काय एका रात्रीत उपटल्या? परवाना २०११चा. एवढ्या वर्षांत त्या कोणाच्याच नजरेस कशा पडल्या नाहीत?

सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघाले ४८.६ टक्के, मर्यादा ०.१ टक्का. जवळजवळ अर्धी बाटली विषच. औषध विरघळवण्यासाठी लागणारे प्रॉपिलीन ग्लायकॉल औषधी दर्जाचे न घेता बाजारातून उचलले आणि न तपासता वापरले. कच्चा माल आणि तयार बॅच तपासण्याचा नियम जुनाच आहे. तो पाळला जातो का, हे पाहणे सरकारचे काम होते आणि तेच झाले नाही.

महाराष्ट्राला तरी हे नव्याने सांगायला नको. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्णांचा जीव घेतला. न्या. लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाचा कारभार चव्हाट्यावर आणला. तरी औषध निरीक्षकांची रिकामी पदे हे आपले दुखणे कायमच आहे.

सावधगिरीचे सल्ले मात्र पालकांना. कुठल्याही गावात ‘बाळाला ताप आहे’ म्हटले की मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय बाटली मिळते. तापावरच्या पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये साधारणपणे एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५. ड्रॉप्स चौपट तीव्र! सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले तर घात होतो. हा फरक दुकानदाराने सांगितलाच पाहिजे आणि तीन महिन्यांच्या आतल्या ताप आलेल्या बाळाला थेट डॉक्टरकडे पाठवले पाहिजे. पण आईने वजन बघून, ड्रॉपरने मोजून दिले आणि बाटलीतच विष असले, तर तिने करायचे काय? लेबल वाचून विष कळत नाही. ते कारखान्यातच अडवावे लागते.

म्हणून लहान मुलांच्या प्रत्येक पातळ औषधाच्या बॅचचा या विषाबाबतचा अहवाल माल दुकानात येण्याआधी प्रशासनाच्या हाती असलाच पाहिजे. तामिळनाडूने दोन निरीक्षकांना निलंबित केले. एवढ्यावर भागणार नाही. तपासणीची जबाबदारी ज्यांच्यावर होती आणि ज्यांनी ती टाळली, त्यांनाही मालकाच्या शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करा.