खरी कमाई, खोटा हिशेब

शाळांच्या स्नेहसंमेलनाचे दिवस आले की महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील कित्येक शाळांच्या पटांगणांवर एक छोटा बाजार भरतो. गळ्यात स्कार्फ बांधलेली मुलेमुली बाकांवर पातेली, परड्या आणि डबे मांडून उभी असतात. बटाटेवडे, भेळ, घावन, सरबत यांची विक्री चाललेली असते. पाहुणे येतात, एखादा वडा चाखतात, मुलांच्या पाठीवर थाप देतात. सायंकाळी ध्वनिक्षेपकावरून एकूण जमा रक्कम जाहीर होते आणि टाळ्या पडतात. स्काऊट-गाईड चळवळीतील ‘खरी कमाई’ हा उपक्रम अशा रीतीने पार पडतो. त्यात आनंद आहे, आणि मुलांना दोन घटका आनंद मिळत असेल तर त्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न आनंदाचा नाही, ‘खरी’ आणि ‘कमाई’ या दोन शब्दांचा आहे.

एका दुकानाचा हिशेब मांडून पाहावा. समजा, चारशे रुपयांचे बटाटे, बेसन आणि तेल वाण्याकडून आले, आणि ते घरखर्चाच्या वहीत चढले. आई पहाटे चारला उठली, तिने तीन तास चुलीपुढे किंवा गॅसपुढे काढले आणि साठ वडे तळले. ते दहा रुपयांना एक याप्रमाणे विकले गेले. शाळेच्या नोंदीत सहाशे रुपयांची कमाई लिहिली गेली. त्यातून चारशेचा माल वजा केलेला नाही, इंधन वजा केलेले नाही, आणि आईच्या तीन तासांना तर कोणत्याच वहीत रकाना नाही. मुलाचे स्वतःचे श्रम म्हणजे तास-दीड तास आरोळ्या देणे. बरे, ग्राहक कोण? इतर मुलांचे आईबाप. एकाच्या आईने तळलेला वडा दुसऱ्याच्या बापाने विकत घेतला आणि दुसऱ्याच्या आईने केलेली भेळ पहिल्याच्या बापाने खाल्ली. अर्थशास्त्रात याला उत्पन्न म्हणत नाहीत, हस्तांतर म्हणतात. गावाच्या संपत्तीत त्या सायंकाळी एका पैचीही भर पडली नाही. भर पडली ती एका घरच्या माउलीच्या थकव्यात.

मूळ कल्पना अशी नव्हती. इंग्लंडमध्ये १९४९ साली ईस्टरच्या सुमारास तेथील स्काऊटांनी घरोघरी जाऊन लहानसहान कामे करावयाची आणि त्याबद्दल एक शिलिंग घ्यावयाचा, असा परिपाठ सुरू झाला. बागेतील गवत काढणे, बूट पुसणे, कोळसा वाहून नेणे, अशी ती कामे होती. आपल्याकडील खरी कमाई ही त्याच कल्पनेची भारतीय बहीण. तिचे मर्म विक्रीत नव्हतेच. ज्याच्याशी आपले रक्ताचे नाते नाही अशा माणसाच्या दारात उभे राहावे, त्याला काय हवे ते विचारावे, अंग मोडून ते करावे आणि त्याने मनापासून दिलेला मोबदला घ्यावा, हा तो धडा होता. आईच्या हातचा वडा विकून तो कसा मिळावयाचा?

येथे दोष मुलांचा नाही आणि शिक्षकांवर सगळे खापर फोडणेही न्याय्य होणार नाही. एकाच शिक्षकाकडे जेथे दोन-तीन इयत्ता, पोषण आहाराच्या नोंदी आणि निवडणुकीची कामे असतात, तेथे स्काऊटचे पथक हे आणखी एक कागदी ओझे होऊन बसते. ते ओझे मग नकळत घराकडे सरकते. गणवेश, शिबिराची वर्गणी, प्रवासखर्च, तक्ते, नोंदवह्या हे सारे घराने पुरवावयाचे. नोंदवही पुष्कळदा मोठ्या बहिणीच्या अक्षरात लिहिलेली असते, हे तपासणाऱ्यालाही ठाऊक असते. वरच्या पुरस्कारांना दहावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळू लागल्यापासून तर बहिणीचे अक्षर अधिकच सुबक झाले आहे.

घर म्हणजे तरी कोण? या दोन तालुक्यांत घराचा कर्ता पुरुष मुंबईला किंवा सुरतेला असणे ही पिढ्यान्पिढ्यांची रीत आहे. महाडची औद्योगिक वसाहत झाल्यानंतरही डोंगरातल्या वाड्यांवरून चाकरमान्यांचा ओघ आटलेला नाही. मागे राहतात आई, आजी आणि मुले. केंद्र शासनाच्या २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळून आले. हा सबंध देशाचा आकडा झाला. ज्या घरातला पुरुष वर्षातून दोनदा, गणपतीला आणि मे महिन्यात येतो, त्या घरी स्त्रीच्या वाट्याला काय येत असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

अशा घरात बारा वर्षांच्या मुलाचा वेळ रिकामा नसतो. धाकट्या भावंडाला सांभाळणे, गुरे पाण्यावर नेणे, उन्हाळ्यात विहिरीवरून हंडा आणणे, आजीचे औषध पोलादपूरच्या बाजारातून आणणे ही कामे त्याच्याकडे, आणि मुलगी असेल तर तिच्याकडे दुपटीने असतात. तीन दिवसांच्या शिबिराला मूल गेले तर या कामांचे काय, हा त्या आईपुढचा रोकडा प्रश्न आहे. शिवाय शेवटची एस. टी. चुकली तर मुलीने वाडीपर्यंतची वाट कोणाबरोबर चढावी, हाही. अशा वेळी आईने ‘नको’ म्हटले की तिला मागासलेली ठरवून मोकळे होण्याची शहाण्यांना सवय आहे. वस्तुतः तिने नफ्या-तोट्याचा चोख विचार केलेला असतो. खर्च तिच्या पदरी आणि लाभ कागदावर, अशा व्यवहाराला कोणताही समंजस माणूस नकारच देईल.

मग हा सारा खटाटोप सोडूनच द्यावा काय? अन्य एखाद्या सुखवस्तू शहरात तसे म्हणता आले असते. महाड-पोलादपुरात ते म्हणता येत नाही, कारण येथील भूगोलच ते म्हणू देत नाही. सह्याद्रीच्या उतारावर वाड्या आणि सावित्री-गांधारीच्या काठी बाजारपेठ अशी ही वस्ती आहे. डोंगरात पाऊस कोसळावा, त्याच वेळी समुद्राच्या भरतीने खाडीचे पाणी फुगावे आणि महाडचा बाजार बुडावा, हे येथल्या जुन्या माणसांना पाठ आहे. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन आणि कोंडीवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिश अमदानीतला पूल दोन एस. टी. गाड्यांसह वाहून गेला. जुलै २०१८ मध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. आणि २२ जुलै २०२१ रोजी एकीकडे महाड शहर पाण्याखाली असताना तळिये येथे दरड कोसळली व ऐंशीहून अधिक जीव गेले. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही त्याच वेळी घरे गाडली गेली.

या सर्व प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. बाहेरची मदत उशिरा आली, आणि तिला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण रस्ते तुटलेले, दूरध्वनी मुके आणि आभाळ फाटलेले होते. तळियेला दुपारनंतर दरड आली, बाहेरची पथके पोहोचावयास दुसरा दिवस उजाडला. मधल्या काळात जे काही झाले ते शेजाऱ्यांनी केले. सावित्रीच्या पुलाच्या वेळी तर जवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका माणसाने अंधारात रस्त्यावर येऊन वाहने अडविली, म्हणून आणखी किती गाड्या वाचल्या कोण जाणे. आंबेनळीच्या दरीत दोर लावून उतरले ते याच डोंगरांत भटकणारे तरुण. स्काऊटच्या पाठ्यक्रमात ज्या गोष्टी आहेत, म्हणजे दोरांच्या गाठी, प्रथमोपचार, खुणा ओळखणे, संदेश पोहोचविणे, अनेकांचा स्वयंपाक करणे, त्या गोष्टी एखाद्या सपाट शहरात छंद म्हणून शिकता येतील. येथे त्या जगण्याच्या विद्या आहेत.

अर्थात याचा अर्थ मुलांना पुराच्या लोंढ्यात धाडावे असा कोणी घेऊ नये. मुलांच्या जिवावर शौर्यपदके मिळविण्याची हौस मोठ्यांनी बाळगू नये. मुलाचे काम त्याआधीचे आणि त्यानंतरचे आहे. वाडीवर कोणत्या घरी एकटी म्हातारी राहते, कोणाला दिसत नाही, कोण अंथरुणाला खिळले आहे, याची यादी करणे हे मुलांइतके चांगले कोणी करू शकत नाही, कारण मुले सगळ्या घरांत जातात. माळावर नवी भेग पडली काय, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले काय, झाड किंवा विजेचा खांब कलला काय, ही दरडीपूर्वीची लक्षणे गुरांमागे हिंडणाऱ्या पोराच्या नजरेत प्रथम येतात. ती कोणाला सांगावयाची आणि सांगितल्यावर ‘गप रे’ असे उत्तर न मिळता कोण ऐकून घेईल, एवढी व्यवस्था मात्र मोठ्यांनी लावावयाची आहे.

‘मुले सगळ्या घरांत जातात’ हे वाक्य कोकणातल्या वाडीरचनेत तितकेसे खरे नाही, हेही मान्य केले पाहिजे. येथे वाडी जातीची असते. मूल शेजारच्या वाडीत खेळावयास जाते, पण जेवावयास बसतेच असे नाही. महाडला तरी या गोष्टीचा विसर पडता कामा नये. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील या गावाच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावरच राहिला. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तेव्हा तळे गावात असताना परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला माणसे प्रत्यक्ष चालत गेली आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. स्काऊट चळवळीचाही इतिहास याहून फार निराळा नाही. भारतात ती आली तेव्हा तिचे दार गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच उघडे होते. ॲनी बेझंट, पं. मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी हिंदी मुलांसाठी वेगळ्या संस्था काढल्या, आणि स्वातंत्र्यानंतर १९५० साली ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एकत्रित संस्था उभी राहिली. सर्वांशी मैत्री हा तिचा नियम आहे. शिबिरात सहा-आठ मुलांचा संघ एकाच चुलीवर शिजवितो आणि एकाच पंगतीत बसतो, तेव्हा तो नियम पाठांतरातून पोटात उतरतो. आईने घरून डबा बांधून दिला की ही पंगत मोडते. म्हणून शिबिरातला कच्चा-करपलेला भात हा या चळवळीतला सर्वांत मोलाचा पदार्थ होय, आणि त्याबद्दल तक्रार करणाऱ्या पालकांना शिक्षकांनी भीड न ठेवता परत पाठवावे.

राहता राहिला हिशेब नीट करण्याचा प्रश्न. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवरील शाळांत पट इतका उतरला आहे की एकेका शाळेत एक संघसुद्धा भरत नाही. शाळेगणिक पथक हा हट्ट तेथे निरर्थक आहे. चार-पाच वाड्यांचे मिळून खुले पथक काढण्याची मुभा संस्थेच्या नियमांत आहे, तिचा उपयोग करावा. शिबिराच्या तारखा एस. टी. च्या वेळापत्रकाशी आणि शेतीच्या हंगामाशी जुळवाव्यात. राब भाजणीच्या किंवा लावणीच्या दिवसांत मूल मागणे म्हणजे घराकडे कर मागणे आहे. वर्गणी आणि गणवेश यांचा भार ग्रामपंचायतीने किंवा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांनी उचलावा. आणि खाद्यपदार्थांची दुकाने बंद करून खरी कमाई पुन्हा श्रमाकडे न्यावी. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारताना खाली उभे राहून कौले हातात देणे, वाचनालयाच्या पुस्तकांना वेष्टने घालणे, टाकी घासणे, रोपे तयार करून विकणे, अशा कामांना गिऱ्हाईक मिळणार नाही असे मानण्याचे कारण नाही. मिळालेल्या रकमेतून खर्च वजा करून उरलेला आकडा मुलांनी स्वतः फळ्यावर लिहावा. तो सहाशे नसेल, पासष्ट असेल. त्या पासष्टलाही टाळ्या पडाव्यात.

यासाठी मे महिन्यासारखा काळ नाही. शाळेला सुटी असते, चाकरमानी गावी आलेले असतात, आणि पावसाला महिनाभर अवकाश असतो. एरवी मुलांच्या गुणपत्रिकेपलीकडे त्यांच्याशी फारसा संबंध न उरलेला बाप त्या दिवसांत रिकामा, घरी असतो. त्याने आपल्या मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर एक सकाळ वाडीच्या वरच्या अंगाला चढून जावे, साकवाच्या फळ्या तपासाव्यात, कोणत्या घराची वाट पाऊस लागला की तुटते ते पाहावे, आणि वाडीतील म्हाताऱ्यांची जी यादी मुलांनी केली आहे ती एकदा वाचावी. त्या यादीत बहुधा त्याच्या स्वतःच्या आईचेही नाव असेल.