माडावर परका कोण?

झावळ्यांच्या खालच्या बाजूला पांढरी वलयं दिसली की वाडीत ओरड सुरू होते, ‘परदेशी कीड घुसली, फवारा मारा!’ कीड परदेशी आहे, हे खरंच. रुगोज चक्राकार पांढरी माशी मूळची मध्य अमेरिकेकडची. भारतात ती २०१६ साली तामिळनाडूत पोल्लाचीच्या माडांवर सापडली आणि पुढे कोकणातही पोचली. माझा आक्षेप ‘परदेशी, म्हणून विष’ या तर्काला आहे. मी भाषेचा शिक्षक, कीटकशास्त्राचा नाही; पण ‘घुसखोर’ म्हटलं की पुढचा शब्द आपोआप ‘मारा’ येतो, एवढं मला कळतं.

या माशीला आवर घालते कोण? एन्कार्सिया ग्वाडेलुपी नावाचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा गांधीलमाशीच्या गणातला कीटक. तो माशीच्या पिलांत अंडी घालतो. अळी पिलाला आतून खाते आणि नवा कीटक पाठीला गोल भोक पाडून बाहेर येतो. तोही परदेशीच, नावातच कॅरिबियन बेट आहे! त्याला कुणी मुद्दाम सोडलं नव्हतं. नव्वदच्या दशकात आलेल्या दुसऱ्या एका चक्राकार माशीच्या मागोमाग तो इथे आला. फवारा मारला की आधी हा मरतो. मेणाखाली लपलेल्या माशीची पिलं वाचतात आणि पुन्हा वाढतात.

आता आपले देशी बघा. गेंड्या भुंगा माडाचा कोवळा सुयाच कुरतडतो. त्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो, त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात आणि बाहेर कळेपर्यंत शेंडा कोसळलेला असतो. पांढरी माशी झाड थकवते, हा झाड घेऊन जातो. हाच गेंड्या १९०९ साली सामोआ बेटांवर पोचला, तर सोंड्या ऐंशीच्या दशकात आखाताच्या खजुरांवर. तिथे घुसखोर आपलेच.

देशी सगळे वाईट, असंही नाही. माशीच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते आणि पानाचं ऊन अडवते. ती बुरशी खाणारा लायोक्रायनस नावाचा देशी भुंगेरा केरळात माडांवर सापडला आहे. म्हणजे परक्याच्या उष्ट्यावर देशी जगतो आणि झाडाचं पान उजळतो.

मूळ गावाला काहीच अर्थ नाही का? आहे. नवी कीड बहुधा आपले शत्रू मागे ठेवून येते, म्हणून भडकते. बंदरावर आणि रोपवाटिकेत तपासणी कडक हवीच. पण एकदा झाडावर आल्यावर तिथे कोण काय करतो, तेवढंच बघायचं.

म्हणून पंप उचलण्याआधी झावळी उलटी करा. पिलांच्या पाठीवर गोल भोकं दिसली, तर फवारणी थांबवा. पाण्याचा जोरदार झोत मारा. भोकं नसतील, तर शेजारच्या वाडीतून भोकं असलेल्या झावळीचा तुकडा आणून आपल्या माडावर टाचा.