हप्ता किती, यापेक्षा हप्ता केव्हा

प्रति,
मा. सचिव, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.



छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांकडून पाढे घोकून घेण्यात घालविल्यावर आता बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील आपल्या गावी, तीन एकर कोरडवाहू जमीन आणि निवृत्तिवेतन यांवर कालक्रमणा करणारा मी एक सामान्य मनुष्य आहे. सरकारदरबारी माझा कोणताही अर्ज तुंबलेला नाही, की कोणाच्या मंजुरीसाठी मला रदबदली करावयाची नाही. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, याचे कारण असे की ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेवर वर्तमानपत्रांत आणि आमच्या पारावर जो वाद चालतो, तो बहुधा रकमेपाशीच घुटमळतो : महिना पंधराशे रुपये थोडे की फार, त्यांचे कबूल केलेले एकवीसशे केव्हा होणार, तिजोरीला हे पेलवेल काय. ज्या घरांत हे पैसे जातात त्या घरांचा शेजारी या नात्याने मला जे दिसले ते निराळे आहे, आणि ते आपल्या कानी घालावेसे वाटले.

आमच्या आळीत साठीला टेकलेल्या एक विधवा बाई राहतात. सारे गाव त्यांना मावशी म्हणते; मीही म्हणतो, जरी त्या माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहानच असल्या. त्यांचा मुलगा आणि सून दरवर्षी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. अशा जोडप्याला आमच्याकडे ‘कोयता’ म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराने करण्याची ही रीत मला आजवर कधी गोड वाटलेली नाही. 2024 च्या जुलैपासून योजना अमलात आली, आणि रक्षाबंधनाच्या तोंडावर पहिल्या दोन महिन्यांचे मिळून तीन हजार रुपये सासूच्या आणि सुनेच्या खात्यावर निरनिराळे जमा झाले. सुनेला त्या वेळी दिवस गेलेले होते. आधीच्या खेपेस सातव्या महिन्यातही ती फडात मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवीत होती, आणि ते मूल हाती लागले नाही. या खेपेस मुलाने एकट्याची, म्हणजे ‘अर्ध्या कोयत्याची’, उचल घेतली व सून घरी राहिली. दोघींच्या महिना तीन हजारांत कोणाचे देणे फिटत नाही, हे उघडच आहे. रोजगार हमीच्या त्या वर्षीच्या 297 रुपये रोजाने हिशेब केला, तर एकीचा हप्ता म्हणजे अवघी पाच दिवसांची मजुरी. परंतु मुकादम दारात उभा असताना ‘यंदा ती यायची नाही’ एवढे वाक्य उंबऱ्याच्या आतून उच्चारण्यापुरते बळ त्या पाच दिवसांच्या मजुरीत असते, हे मी माझ्या ओट्यावर बसून ऐकले आहे.

दुसरी गोष्ट तेलाची. पूर्वी मावशी वीस रुपयांचे सुटे तेल बाटलीत आणीत, आणि तेही बहुधा उधारीने. थोडे थोडे घेणाऱ्याला प्रत्येक जिन्नस महागच पडतो, आणि वहीत नाव असलेल्याने भावाविषयी ब्र काढावयाचा नसतो, हा बाजाराचा जुना शिरस्ता आहे. आता लिटरच्या दोन पिशव्या एकदम येतात, रोखीने. दुकानदाराच्या वहीत मावशींचे पान अजून आहे. गेल्या महिन्यात मी ते सहज पाहिले, तर त्यावर दोनच ओळी होत्या, एक चहाची व एक शाळेत जाणाऱ्या थोरल्या नातवाच्या पाटीपेन्सिलीची.

आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते माझ्याच ओट्यावर निघतात. पैसा दारूत जाईल, असे एक मत. 2011-12 साली इंदूर जिल्ह्यातील आठ गावांत आणि एका आदिवासी गावात मिळून सहा हजारांच्या आसपास माणसांना, रेनाना झाबवाला यांच्या ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने, कोणतीही अट न घालता प्रौढामागे दरमहा 200 ते 300 आणि मुलामागे 100 ते 150 रुपये देऊन पाहिले, आणि पैसे न मिळालेल्या गावांशी ताडून पाहिले. दारूवरील खर्च वाढल्याचे आढळले नाही, वाढले ते मुलांच्या अंगावरचे मांस, मुलींचे शाळेत जाणे आणि स्वतःच्या शेतावर राबण्याचे दिवस. दुसरा आक्षेप, बाया कामाला येत नाहीत, हा मात्र मी हसण्यावारी नेऊ शकत नाही, कारण त्याची झळ मला स्वतःला लागली आहे. खुरपणीचा रोज आमच्या शिवारात चढला, आणि माझ्या तीन एकरांचा जमाखर्च त्याने बिघडविला. पहिल्या दिवशी मीही चरफडलो. मग आठवले की गेली कित्येक वर्षे रोज ठरविताना त्या बायांना कोणी विचारलेच नव्हते, मी तर नाहीच नाही.

आता मुख्य तक्रार. मावशींनी पूर्वी कधीतरी घेतलेल्या गटकर्जाच्या वसुलीला एका खाजगी वित्तसंस्थेचा तरुण दर मंगळवारी सकाळी दहाच्या ठोक्याला मोटारसायकलवरून येतो. पाऊस असो, गावात मयत असो, त्याचा मंगळवार चुकत नाही. सरकारचा हप्ता मात्र केव्हा येईल हे कोणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही : आरंभी दोन महिन्यांचा एकदम आला, निवडणुकीपूर्वी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पुन्हा एकदम आला, आणि पुढे कधी महिनाअखेर, कधी महिना उलटल्यावर. तोवर मंगळवार भागविण्यासाठी बाई पुन्हा कोणाकडे तरी हात पसरते, आणि उशिराने आलेल्या पंधराशेतले शंभर-दीडशे त्या हातउसन्याच्या व्याजात जातात. त्यात खाते तपासायला गेले की विळ्या-कोयत्याने झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही. बाई तो पदराला पुसते, केसांवर घासते, पुन्हा टेकविते, आणि आज नाही उमटत, उद्या या, असे ऐकून चार मैल परत येते. पैसे जमा झाले होते की नव्हते, हेही तिला त्या दिवशी कळत नाही. ज्या साहाय्याची तारीख ठरलेली नाही त्यावर कोणी संसाराची आखणी करू शकत नाही. ते सापडलेल्या पैशासारखे खर्चून जाते, आणि मग आपणच म्हणावयाचे की यांना पैसा टिकविता येत नाही!

योजनेचे नाव रचणाराने ओवाळणीची कल्पना मनात धरली असावी. ती कल्पना सुंदर आहे. पण ओवाळणी भावाच्या मर्जीची असते, आणि बहीण तिची तारीख विचारीत नाही. आमच्याकडे पूर्वी राजघराण्यांतील मुलीबाळींना चोळीबांगडीसाठी जमिनी इनाम मिळत. त्या प्रेमाच्या देणगीलाही सनद असे, आणि सनदेवर शिक्का असे. 1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जाई, दुपारी मिळालेली सुकडी पदरात बांधून आम्हां भावंडांसाठी आणी. मजुरीच्या वाटपाला उशीर झाला, की अक्षरशत्रू असलेल्या त्या बाया हजेरीपटावर बोट ठेवून कारकुनाला जाब विचारीत, कारण त्यांचे दिवस तेथे लिहिलेले असत. वि. स. पागे यांच्या चिंतनातून निघालेली ती रोजगार हमी योजना 1977 साली कायद्यात बसविली गेली आणि 26 जानेवारी 1979 पासून तो कायदा लागू झाला, तेव्हा काम मागणे ही याचना राहिली नाही. लाडकी बहीण मात्र अद्याप शासन निर्णयावर उभी आहे, आणि शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने फिरविता येतो.

म्हणून माझे मागणे रकमेच्या वाढीचे नाही. ती होईल तेव्हा होवो. महिन्याची एक तारीख मुक्रर करावी आणि ती कोणाच्या घोषणेची वाट न पाहता पाळली जावी. कोणा स्त्रीचे नाव यादीतून कमी करावयाचे असेल, तर तिला कारण लेखी कळवावे, तिचा खुलासा ऐकावा, आणि निकाल होईपर्यंत हप्ता थांबवू नये. अपात्र असूनही पैसे घेणारांविषयी मला मुळीच ममत्व नाही. त्यांच्यावर अवश्य वसुली काढावी. पण पात्र स्त्रीला आपण पात्र आहोत हे वेळोवेळी नव्याने सिद्ध करीत बसण्याची तसदी का द्यावी? आणि हे सारे कायद्याने व्हावे, म्हणजे उद्या आपल्या खुर्चीवर दुसरे कोणी आले तरी मावशींना दुकानदाराच्या वहीतले आपले पान पुन्हा भरावे लागणार नाही.

सुनेला माघात मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. परवा मावशी भिंतीवरची दिनदर्शिका घेऊन माझ्याकडे आल्या. मंगळवारांभोवती त्यांनी थोरल्या नातवाच्या पेन्सिलीने गोल काढून ठेवले होते. ‘गुरुजी, हप्त्याच्या तारखेला पण एक गोल काढून द्या,’ म्हणाल्या. मी पेन्सिल हातात घेतली, आणि त्यांना उद्या या म्हणून सांगितले.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
जिल्हा बीड