अंगदुखीआडचे नैराश्य
प्राथमिक आरोग्य केंद्रात येणारा नैराश्याचा रुग्ण 'मन उदास आहे' असे क्वचितच सांगतो. अंग मोडून येते, डोके जड, झोप नाही, अन्न गोड लागत नाही, एवढेच बोलतो आणि ताकदीच्या गोळ्या, फार तर एक इंजेक्शन घेऊन परततो. दोन आठवड्यांपासून खिन्नता आहे का, आवडीच्या कामातून मन उडाले आहे का, हे दोन प्रश्न विचारायला मिनिटही लागत नाही. उत्तर 'हो' आले तर पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी घ्यावी. २७ पैकी १० किंवा अधिक गुण पडल्यास सविस्तर तपासणी हवीच. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा. तो हमखास टाळला जातो. विचारल्याने नको ते डोक्यात शिरते, ही समजूत मात्र निराधार आहे. अर्थात थायरॉइड मंदावला किंवा रक्त कमी असले तरी असाच थकवा येतो. टीएसएच, हिमोग्लोबिन न पाहता सारे मनावर ढकलणे हाही आळसच. गोव्यात 'मानस' अभ्यासात प्रशिक्षित समुपदेशक, तेही मानसोपचारतज्ज्ञ नसलेले, सोबतीला दिल्यावर सरकारी केंद्रांतले अधिक रुग्ण बरे झाले. हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातही केसपेपरवर रक्तदाबाशेजारी पीएचक्यू-९च्या गुणांसाठी एक रकाना आखायला हरकत नसावी.